नीतिशास्त्राचा ओनामा : वारकऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ

जळगावला लागूनच असोदा नावाचे गाव आहे. भरिताची वांगी म्हटली की खानदेशात ज्या गावांची नावे निघतात, त्यांतले हे एक. याच गावी महाजनांच्या घरी 1880 साली बहिणाबाईंचा जन्म झाला. पुढे जळगावच्या चौधरींच्या घरी त्या नांदावयास गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि जात्यावर बसून जे सुचले ते त्या गात गेल्या, घरच्या मंडळींनी ते लिहून ठेवले, आणि त्यांच्या निधनानंतर 1952 साली ती गाणी छापून निघाली. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला याच असोदेकर लेकीचे नाव आहे.

पाठाच्या आरंभी हे सांगण्यास कारण आहे. नीतिशास्त्र म्हटले की आपल्यातली पुष्कळ मंडळी बिचकतात. 'हे पंडितांचे काम, आपण आपले टाळ वाजवावे' असे म्हणतात. पण चांगले काय, वाईट काय, माणसाने कसे वागावे, हा विचार करण्यास शाळेचा दाखला लागत नाही, हे असोद्याच्या मातीने दाखवून दिले आहे. मग शास्त्र कशाला हवे? तर आपण जे सहज जाणतो ते तपासून घेण्यासाठी. घरातला तराजू असतोच. तो खरा आहे की खोटा, हे पाहण्यास प्रमाणित वजन लागते. नीतिशास्त्र हे असे वजन होय.

नीतिशास्त्राचा प्रश्न

इतर बहुतेक शास्त्रे 'काय आहे' ते सांगतात. पाऊस का पडतो, भाव का उतरतो, माणसाला राग का येतो, हे त्यांचे प्रश्न. नीतिशास्त्र 'काय असावे' हे विचारते. 'लोक खोटे बोलतात' ही एक माहिती झाली. 'खोटे बोलू नये' हा निर्णय झाला. माहिती कितीही गोळा केली तरी तिच्यातून निर्णय आपोआप टपकत नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा. 'सगळेच करतात' हे उत्तर म्हणूनच नीतीच्या दरबारात चालत नाही. सगळे करतात हे खरे असेल, पण करावे का, हा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

आता असोद्याच्याच बाजूचे एक उदाहरण घेऊ. शेतकरी वांग्यांची पाटी भरून बाजारात नेतो. वर तुकतुकीत वांगी आणि तळाशी किडकी, अशी पाटी भरता येते. समजा, चार शेतकऱ्यांनी तसे केले नाही, चौघांनीही पाटी सरळ भरली. पहिल्याने विचार केला, पकडलो गेलो तर भांडण होईल. दुसरा म्हणाला, गिऱ्हाईक तुटेल. तिसऱ्याने बापाने भरली तशी भरली, विचार केलाच नाही. चौथा म्हणाला, घेणारी बाई माझ्यावर विश्वास ठेवून पैसे देते, तिला फसविणे बरे नव्हे. बाहेरून पाहिले तर चारही पाट्या सारख्या. आतून मात्र पहिली भीतीची, दुसरी हिशेबाची, तिसरी रूढीची आणि चौथी नीतीची. गिऱ्हाईक परगावचे आहे, पुन्हा येणार नाही आणि पाहणारे कोणी नाही, अशा दिवशी पहिल्या दोन पाट्यांचे काय होईल ते वाचकांनीच ओळखावे. तिसरी पाटी बापाची सवय जशी असेल तशी भरली जाईल.

मूळ कल्पना

या एका पाटीत नीतिशास्त्राच्या बहुतेक मूळ कल्पना सापडतात. पहिली स्वातंत्र्याची. दोन्ही प्रकारे पाटी भरणे शक्य होते, म्हणूनच शेतकऱ्याला चांगले किंवा वाईट म्हणता येते. झाडावरून फळ डोक्यात पडले तर आपण झाडाला दोष देत नाही. जेथे निवड आहे तेथेच जबाबदारी आहे.

दुसरी कल्पना हेतू आणि परिणाम यांची. कृत्याची पारख परिणामावरून करावी, ज्यात पुष्कळांचे पुष्कळ सुख आहे ते चांगले, असे इंग्लंडातील मिल्ल आदी पंडित म्हणाले. जर्मनीतील कांट म्हणाला, तसे नव्हे. जो नियम तुम्ही स्वतःसाठी घेता तो साऱ्या जगाने घेतला तर चालेल काय, ते पाहा, आणि माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका. हा कर्तव्याचा पक्ष. किडकी वांगी तळाशी घालण्याचा नियम सगळ्यांनीच धरला, तर पाटीवर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग फसविणेही अशक्य होईल. खोट्याला नेहमी दुसऱ्यांच्या खरेपणाचा आधार लागतो, हे यातून ध्यानी येईल.

तिसरी कल्पना सद्गुणाची. ग्रीक देशातील ॲरिस्टॉटल याने म्हटले की, न्याय्य कृत्ये करीत गेल्यानेच माणूस न्यायी होतो. ही गोष्ट वारकऱ्याला नव्याने सांगावयास नको. माळ घालताना आपण नियम घेतो, एकादशी धरतो, वारी चुकवीत नाही. हा सारा सवयीने मन घडविण्याचाच खटाटोप आहे. नियम घेण्याच्या दिवशी माणूस साधू होत नसतो. वर्षानुवर्षे नियम पाळता पाळता तो त्याच्या अंगी मुरतो.

चौथी आणि अवघड गोष्ट कर्तव्यांच्या झगड्याची. खरे बोलावे हे कर्तव्य आणि निरपराध्याला वाचवावे हेही कर्तव्य. दोन्ही एकाच वेळी समोर आली तर? लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच प्रश्नाला 'कर्मजिज्ञासा' नावाचे एक अख्खे प्रकरण दिले, आणि पाश्चात्त्यांची मते आपल्या शास्त्रांशेजारी ठेवून तपासली. अर्जुनाचा पेच हाच होता. चांगले आणि वाईट यांतून निवडणे फारसे कठीण नाही. दोन चांगल्यांतून निवडताना खरा कस लागतो.

इतर शास्त्रांशी नाते

नीतिशास्त्र एकटे राहत नाही, त्याला मोठे गणगोत आहे. तर्कशास्त्र त्याला विचारातली विसंगती दाखविते. मानसशास्त्र सांगते की माणसाला चांगले कळूनही ते वळत का नाही. मोह कसा येतो, सवय कशी जडते. समाजशास्त्र रूढी कोठून आली आणि ती कोणाच्या सोयीची आहे, हे उलगडून दाखविते. अर्थशास्त्र केळीचा भाव का पडला ते सांगते; पण पडलेल्या भावाचा सगळा भार काढणी करणाऱ्या मजुराच्या मजुरीवर टाकावा काय, या प्रश्नाशी आले की त्याला नीतीकडे पाहावे लागते. यावल-रावेरकडील केळीच्या पट्ट्यात भूजल खोल गेले आहे. पाणी किती खोल गेले, कोठे मुरेल, हे जलशास्त्र मोजून देईल. पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याने आणखी खोल बोअर मारून शेजाऱ्याची विहीर कोरडी करावी काय, याचे उत्तर कोणत्याही मोजपट्टीवर लिहिलेले नाही.

कायद्याचे नाते जरा निराळे आहे. कायदा बाहेरचे कृत्य पाहतो, नीती हेतूही पाहते. कायद्यामागे शिक्षा असते, नीतीमागे मनाची टोचणी. शिवाय कायदा बरोबर आहे की नाही, हे ठरविण्यासही शेवटी नीतीच लागते. आणि अध्यात्म? आम्हांस वाटते, अध्यात्म हे नीतीचे मूळ आणि नीती हे अध्यात्माचे फळ. सर्वांभूती एकच विठ्ठल आहे ही जाणीव खरी असेल, तर दुसऱ्याला फसविणे हे त्यालाच फसविणे ठरते. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्याचा अर्थ हाच. पण मूळ आहे म्हणून फळ येईलच असे नाही, हे आता पाहू. ते पाहताना आपल्याच अंगणात थोडे झाडावे लागेल.

महाद्वारापुढची कसोटी

खानदेशातील अमळनेर हे सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे वारकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच गावी श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तेथे अभ्यासासाठी आलेला एक कोकणातला तरुण पुढे अमळनेरच्याच शाळेत 1924 ते 1930 शिक्षक होता. हेच साने गुरुजी. तत्त्वज्ञानाच्या पोथ्या वाचून ते तेथेच बसून राहिले नाहीत, म्हणून त्यांचे उदाहरण येथे घेतो.

मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरीला महाद्वारापुढे आहे. चौदाव्या शतकातल्या या संताचे अभंग आपण भजनात गात आलो. त्याला आपण संत मानले, पण त्याच्या जातभाईंना राउळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. एक-दोन वर्षे नव्हे, सहाशे वर्षे. मूळ होते, फळ नव्हते. अन्यत्र या अन्यायाविरुद्ध ज्यांच्यावर तो होत होता तेच उभे राहिले होते. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. पंढरपूरच्या दारासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. 10 मे रोजी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरून ते उपोषण सुटले. त्याच साली मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला, आणि 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली.

आता वर शिकलेल्या कल्पना येथे लावून पाहा. रूढी म्हणत होती, दार बंद ठेवा. रूढी जुनी होती, पण जुनेपणा हा चांगुलपणाचा पुरावा नव्हे. तर्कशास्त्र म्हणत होते, सर्वांत विठ्ठल आहे असे गायचे आणि काहींना विठ्ठलापाशी येऊ द्यायचे नाही, या दोन गोष्टी एका तोंडात बसत नाहीत. परिणामाचा विचार करणारे म्हणत होते, दार उघडले तर तंटे होतील, थोडे थांबा. कर्तव्याचा पक्ष म्हणत होता, माणसाच्या माणुसकीला थांबविण्याचा अधिकार तुम्हांला दिला कोणी? आणि कायदा? तो नीतीच्या मागून आला. पुष्कळदा तो असाच मागून येतो.

यात आणखी एक प्रश्न आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. साध्य शुद्ध होते, पण उपोषण हे साधन शुद्ध होते काय? प्राण पणाला लावून समोरच्याचे मन वळविणे, हे दडपण नव्हे काय? उपोषण सोडावे, असे गांधीजींनीही सुरुवातीस कळविले होते. आम्हांला असे वाटते की, गुरुजींनी दुसऱ्याच्या अंगाला हात न लावता स्वतःच्या देहाला क्लेश दिले, आणि आधी गावोगाव फिरून समजावून सांगितले होते. म्हणून ते दडपण असले तरी जुलूम नव्हता. कोणास हे पटणार नाही. न पटो. शुद्ध साध्यासाठीही साधनाची चौकशी करावी लागते, एवढे पटले तरी हा पाठ व्यर्थ गेला नाही.

विरोध करणारे नास्तिक नव्हते, हेही विसरू नये. त्यांच्याही मुखी विठ्ठलाचे नाव होते, त्यांच्यातही नेमधर्म पाळणारी माणसे होती. त्यांचा अभ्यास कमी नव्हता. त्या अभ्यासाला 'असे का?' हा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नव्हता. म्हणून आम्ही म्हणतो की भक्तीला नीतिविचाराची जोड हवी. नाम हे साधन आहेच, पण नाम घेतो म्हणून माझे वागणे तपासण्याची गरज नाही, असे म्हणणे हा नामाचाच आडोसा घेणे होय.

तात्पर्य

तात्पर्य काय, तर सर्व शास्त्रे उजेड देतात, पाऊल मात्र आपल्याला टाकावे लागते. असोद्याच्या वाटेवर पाटी भरताना, पाण्याची पाळी धरताना, मजुराचे पैसे मोजताना आणि दिंडीत कोणाच्या शेजारी कोणी जेवावे हे ठरविताना, नीतिशास्त्र आपल्यापुढे उभे असते. चोखोबांच्या समाधीवर माथा टेकताना क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे: आज माझ्या गावात, माझ्या घरात, कोणासाठी दार बंद आहे? ते उघडण्यास मी कायद्याची वाट पाहतो आहे काय?

मननासाठी प्रश्न

1. चार शेतकऱ्यांपैकी आपण कोणत्या दिवशी कोणता असतो? गेल्या आठवड्यातले एक कृत्य घेऊन पाहावे.

2. आपल्या गावातली एक रूढी निवडावी. ती कोणाच्या सोयीची आहे आणि कोणाला जाचते?

3. कायद्याने मना नाही, पण करू नये, अशा तीन गोष्टी लिहून काढाव्या.

4. दोन कर्तव्ये एकाच वेळी समोर आली असा स्वतःचा प्रसंग आठवावा. तेव्हा कशावरून ठरविले?

भजन संपल्यावर पाच-सात जणांनी बसून हे प्रश्न बोलावे. एकट्याने विचार केला तर मन आपल्याच बाजूने निकाल देते. चौघांत बसले म्हणजे ते सरळ होते.

रामकृष्णहरी.