नत्राचे बंध आणि खताचा ऱ्हास : इलेक्ट्रॉन-ठिपका आकृतीचा उपयोग

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही पिकांना नत्राची उणीव भासते. उलट, जमिनीवर फेकून दिलेल्या युरियातील नत्राचा काही भाग पुन्हा हवेत निघून जातो. या दोन्ही गोष्टींचे मूळ नत्राच्या अणूतील इलेक्ट्रॉनांमध्ये आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या ठिपका पद्धतीने ते सहज समजावून देता येते.

आकृतीचे तत्त्व
अणूच्या चिन्हाभोवती बाह्यतम कक्षेतील इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दर्शवितात : हायड्रोजन १, नत्र ५, प्राणवायू ६. दोन अणूंमध्ये सामाईक झालेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे सहसंयुज बंध. हायड्रोजनला २, तर नत्र व प्राणवायूला ८ इलेक्ट्रॉन लाभले की रचना स्थिर होते. पाण्याच्या रेणूत प्राणवायू दोन हायड्रोजन अणूंशी एकेक जोडी वाटून घेतो.

नत्राचा रेणू
नत्राच्या अणूला ३ इलेक्ट्रॉन कमी पडतात. म्हणून दोन अणू तीन जोड्या सामाईक करतात. हा तिहेरी बंध तोडण्यास प्रति मोल सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. खत कारखान्यात त्यासाठी लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि मोठा दाब वापरावा लागतो. रायझोबियम जिवाणू हेच कार्य कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत, जमिनीच्या नेहमीच्या तापमानात करतात. त्यांच्या नायट्रोजिनेज विकरात लोह व मॉलिब्डेनम असते. लागणारी ऊर्जा पीक शर्करेच्या रूपाने पुरविते.

अमोनियाची एकाकी जोडी
अमोनियात नत्राच्या तीन जोड्या हायड्रोजनशी बांधलेल्या असतात. चौथी जोडी मोकळी राहते. ही एकाकी जोडी हायड्रोजन आयनाला सामावून घेते आणि धनभारित अमोनियम तयार होतो. चिकणमातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवतात. परंतु सामू वाढला की हायड्रोजन आयन सुटतो आणि अमोनिया वायुरूपाने उडून जातो.

युरियाचे जमिनीत विघटन होताना दाण्याभोवतीचा सामू तात्पुरता वाढतो. त्यामुळे उदासीन जमिनीतही ऱ्हास होऊ शकतो. चुनखडीयुक्त जमिनीत तो अधिक असतो. उष्णता, वारा व ओलसर पृष्ठभाग त्यात भर घालतात.

शेतातील अवलंब
• युरिया ओलीत पेरून मातीआड करावा किंवा दिल्यानंतर लगेच पुरेसे पाणी द्यावे.
• मात्रा विभागून द्यावी; चुन्यासोबत युरिया मिसळू नये.
• कडुनिंबलेपित युरियामुळे मुख्यतः अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते. म्हणून तोही मातीआड करणे आवश्यक आहे.
• कडधान्यांच्या बियाण्यास पिकानुरूप रायझोबियम संवर्धक चोळावे.

शेतकरी सभेत ठिपक्यांऐवजी हरभऱ्याचे दाणे मांडून ही रचना दाखविता येते. अमोनियाच्या आकृतीत दोन दाणे मोकळे उरतात. त्यांना हायड्रोजन आयन मिळाला तर नत्र मातीत राहतो, न मिळाल्यास खताचा खर्च हवेत जातो.