पहिल्या दोन तासांवर भाळू नका

'माफिया थ्री' हा वाईट गेम आहे असं माझं म्हणणं नाही. वाईट गेम काढून टाकला की विषय संपतो. हा गेम डोक्यातून जात नाही, कारण त्याच्या पोटात एक फार चांगला गेम आहे आणि त्या चांगल्या गेमवर तासन्‌तासांची हमाली लादलेली आहे. माझा राग त्या हमालीवर आहे. त्याहून जास्त राग आहे तो ती हमाली खेळणाऱ्याच्या नजरेस केव्हा पडते यावर. पैसे परत मागायची मुदत टळेपर्यंत तिचा मागमूस लागत नाही. हे मुद्दाम केलं असा आरोप मी करत नाही, पण तोटा व्हायचा तो गिऱ्हाइकाचाच होतो, म्हणून हे सविस्तर सांगायला हवं.

आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणाने सांगते, कारण तेच आमिष आहे. काळ १९६८चा, शहर न्यू बोर्डो, म्हणजे न्यू ऑर्लीन्सवरून बेतलेलं. लिंकन क्ले हा काळा अनाथ मुलगा व्हिएतनामच्या लढाईवरून परत येतो. ज्या सॅमी रॉबिन्सनने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याचं देणं फेडायला तो इटालियन टोळीचा म्होरक्या सॅल मार्कानोसाठी मार्दी ग्रा सणाच्या गर्दीत फेडरल रिझर्व्हवर दरोडा घालतो, आणि काम झाल्यावर मार्कानोची माणसं लिंकनच्या जवळच्या माणसांना संपवतात. ही गोष्ट अनेक वर्षांनंतरच्या माहितीपटासारखी सांगितली आहे. लिंकनला जवळून ओळखणाऱ्या म्हाताऱ्या फादर जेम्सची मुलाखत मध्येमध्ये येते आणि लिंकनने जे केलं त्याचा भार त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो. लिखाणाची ताकद इतकी की २०१६च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम कथनासाठी त्याला नामांकन होतं. वर्णभेद इथे नुसता संवादांत नाही, खेळाच्या नियमांत आहे. काही दुकानांत लिंकन नुसता पाऊल ठेवतो तर मालक हटकतो आणि पोलिसांना फोन करायची धमकी देतो. फ्रिस्को फील्ड्ससारख्या गोऱ्या श्रीमंतांच्या वस्तीत गुन्हा झाला की गाड्या लगेच येतात, डेलरे हॉलोसारख्या काळ्यांच्या वस्तीत पोलीस सावकाश उगवतात. त्याच काळातल्या ब्लॅक पँथरवरून इकडे १९७२ साली दलित पँथरने नाव घेतलं. पायरीवरूनच हटकणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. एखाद्या गेमने हे इतकं थेट मांडावं याचं मोल मी कमी लेखत नाही.

आता कळीचा क्षण. सुरुवातीचा भाग संपतो, लिंकन डोक्यात गोळी लागूनही वाचतो, सीआयएचा डोनोव्हन मदतीला येतो आणि पहिलं लक्ष्य ठरतं: डेलरे हॉलोवर बसलेला रिची डूसे. त्याच्यापर्यंत पोचायला त्याच्या हाताखालचे धंदे मोडायचे, माल जाळायचा, पंटर मारायचे, खबरे उचलून बोलते करायचे. प्रत्येक कामाला डॉलरचा आकडा आहे, आणि त्या धंद्याचा एकूण आकडा शून्यावर आला की त्याचा मालक बाहेर पडतो. मग बंद पडलेल्या जत्रेच्या मैदानात डूसेशी गाठ पडते. मोडके पाळणे, पाऊस आणि शेवटी आकाशपाळण्यावर लटकवलेलं त्याचं प्रेत. छाती धडधडते, पुढे काय याची ओढ लागते. तेवढ्यात नकाशा उघडतो आणि बाकीचे भाग समोर येतात. शहराचे एकूण नऊ भाग, बहुतेक ठिकाणी दोन-दोन धंदे, आणि प्रत्येक धंद्याला तोच खबऱ्या, तोच डॉलरचा आकडा, तीच जाळपोळ, तेच बोलतं करणं. कुठे दारू, कुठे लाकूड, कुठे खंडणी, फरक एवढाच. कितीतरी वेळा तर ज्या गोदामात धंद्याचा माल जाळला, त्याच गोदामात मालकाला मारायला पुन्हा जायचं असतं, त्याच दारातून, त्याच जिन्याने. पुढची जत्रा कितीतरी तास लांब आहे, हे त्या नकाशावर नीट पाहणाऱ्याला तिथेच कळून चुकतं.

ते मधले तास जवळून कसे दिसतात हे एका उदाहरणावरून सांगते. लिंकन भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभा राहतो आणि शीळ घालतो. पहारेकरी 'कोण आहे' म्हणत वळतो, कोपऱ्यापर्यंत येतो, सुरा लागतो, पडतो. पुन्हा शीळ. दुसरा येतो, पहिल्याच्या प्रेताशेजारी पडतो. पुन्हा शीळ. अख्खी टोळी एकामागून एक त्याच कोपऱ्यात ढीग होऊन पडते आणि पलीकडे एकालाही संशय येत नाही. हा एखादा बग असता तर दुरुस्त झाला असता. ही शत्रूंची अक्कलच आहे आणि शेवटच्या भागापर्यंत ती तशीच राहते. त्यात एका जागेवरून दुसरीकडे थेट पोचायची सोय नाही, प्रत्येक खेप गाडीने करायची. गाड्या झकास आहेत, रेडिओवर त्या काळची शंभरावर खरी गाणी आहेत, पहिल्या पाच-सहा खेपा सुखाच्या जातात. पुढे मात्र एकाच गोदामाच्या तिसऱ्या वारीला रेडिओ किती पुरणार? सूडाची गोष्ट घाईची असते. लिंकन सूडाने पेटला आहे असं कथा सांगते आणि त्याच वेळी खेळ त्याला नोकरीवरच्या माणसासारखा रोजच्या पाळीला लावतो. त्याचा राग आपल्यापर्यंत पोचत नाही, पोचतो तो कंटाळा. लेखकांनी जे उभं केलं ते आराखडा करणाऱ्यांनी रोज थोडं थोडं पाडलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गुन्हेगारी धंदा असतोच कंटाळवाणा, हप्ता गोळा करणं म्हणजे तेच ते काम, गेम खरेपणाने ते दाखवतो. हे मला पटत नाही, आणि पुरावा याच गेममध्ये आहे. एखादा भाग ताब्यात आला की लिंकन आपल्या तिघा साथीदारांना टेबलाशी बसवतो: हैतियन टोळीची कसांड्रा, आयरिश बर्क आणि 'माफिया टू'चा नायक व्हिटो स्कॅलेटा. भाग कोणाला द्यायचा ते तिथे ठरतं. ज्याला मिळत नाही त्याचा चेहरा उतरतो, बोलणं तुटक होतं, आणि सारखं डावललं तर तो चक्क उलटतो. मग कालच्या मित्राला मारायची पाळी येते. पाच मिनिटांच्या त्या बैठकीत धंदा, लोभ, निष्ठा सगळं येतं. म्हणजे धंद्याचा व्यवहार रंगवता येतो हे यांना ठाऊक होतं. बैठकांच्या मधले तास तसे केले नाहीत, एवढंच.

दुसरा आक्षेप, सगळेच मोकळ्या शहराचे गेम असे असतात. मग याच मालिकेचा २००२चा पहिला 'माफिया' बघा. चेक प्रजासत्ताकातल्या इल्यूजन सॉफ्टवर्क्सने तो केला. लॉस्ट हेवन हे अख्खं शहर बांधलं, पण ते पार्श्वभूमी म्हणून वापरलं. गोष्ट एका प्रसंगातून पुढच्यात सरळ जात राहिली. कारशर्यतीच्या त्या एका मिशनने खेळणाऱ्यांचा जीव काढला होता हे खरं, तरी वीस मिशनांमध्ये कुठलीही दोन एकसारखी नव्हती. मोकळं शहर म्हणजे यादीतली कामं, असा नियम नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: मोठे प्रसंग इतके जोरदार आहेत की मधलं सोसावं. अंकल लू मार्कानोची जलसा चाललेली आगबोट आणि तिथला गोंधळ मलाही फार आवडतो. पण चांगल्या प्रसंगासाठी वाट पाहायला लावणं वेगळं आणि त्याची किंमत म्हणून बिगार करून घेणं वेगळं.

आता फसगत होते कशी ते बघा, कारण उपयोग याचाच आहे. गेम ७ ऑक्टोबर २०१६ला आला तेव्हा समीक्षकांना आधी प्रती दिल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे विक्री सुरू झाली त्या दिवशी मधल्या तासांबद्दल बोलू शकेल असं कोणीच नव्हतं. पीसीवर तो सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेला आला, ओरड झाल्यावर काही दिवसांत ते सैल केलं. लोक त्यावरच भांडत बसले आणि खरा दोष बाजूला पडला. पहिल्या आठवड्यात ४५ लाख प्रती बाजारात गेल्या असं कंपनीने जाहीर केलं. तो आकडा जाहिरातीचं यश सांगतो, गेमबद्दल त्यातून काही कळत नाही. स्टीमवर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांपेक्षा कमी झालं असेल तर. या गेमची देखणी सुरुवात रमतगमत बघितली तर जवळपास तेवढीच भरते. म्हणून असा मोठा गेम घेताना ट्रेलर आणि पहिल्या तासाचे व्हिडिओ बाजूला ठेवा. कोणीतरी न बोलता, न कापता खेळलेला आठवा-नववा तास शोधून वीस मिनिटं बघा. त्यात नवीन काहीच घडत नसेल, तर तुमच्याही वाट्याला तेच येणार आहे.

दुसरी गोष्ट 'डेफिनिटिव्ह एडिशन' या शब्दाची. २०२०मध्ये तिन्ही 'माफिया' याच शब्दाखाली एकत्र विकले गेले. पहिल्याच्या बाबतीत त्याचा अर्थ होता, सगळं मुळापासून पुन्हा बांधलेलं. तिसऱ्याच्या बाबतीत अर्थ होता, तोच जुना गेम आणि त्यासोबत २०१७ची जोडप्रकरणं. शीळ तीच, गोदामं तीच. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या 'जीटीए' त्रयीलाही हाच शब्द लावला, आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली. वेष्टनावरच्या त्या शब्दाला किंमत देऊ नका. आत नेमकं काय बदललं ते दोन ठिकाणी तपासा.

घेतलाच असेल तर प्रत्येक धंद्यात मोठ्या आकड्याची कामं आधी उरका, फुटकळ माल जाळत बसू नका, आणि फोनच्या तारांवर कान लावायचे डबे शहरभर हुडकत फिरू नका, त्यात अख्ख्या संध्याकाळी जातात. भाग तिघांत सारखे वाटा, कोणीही उलटत नाही. अर्थात एकाला उलटू दिलं तर गोष्ट जास्त रंगते, तेव्हा तेही करून बघायला हरकत नाही. सलग खेळू नका, एका बैठकीत एक भाग पुरे. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. शिव्या आणि वंशवाचक शब्द त्या काळाच्या खरेपणासाठी ठेवले आहेत आणि सुरुवातीला तसं सांगितलंही आहे, पण लहान मुलाला ते कारण पोचत नाही. सवलतीत येईपर्यंत थांबा, हे तर कोणीही सांगेल.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढे घडलं त्याचं. हॅंगर थर्टीन या 'माफिया थ्री'च्याच स्टुडिओने २०२०मध्ये पहिल्या 'माफिया'ची नवी आवृत्ती केली ती सरळ, एका रेषेत जाणारी. ऑगस्ट २०२५मध्ये सिसिलीतला 'माफिया: द ओल्ड कंट्री' आणला तोही तसाच: आटोपशीर, प्रसंगामागून प्रसंग, आणि किंमतही ५० डॉलर, म्हणजे मोठ्या गेमच्या प्रचलित दरापेक्षा कमी. टीकाकार जे सांगत होते ते त्यांनी पुढच्या दोन्ही गेममध्ये करून दाखवलं. लिंकन क्लेचा गेम मात्र त्या नऊ भागांसकट, त्या गोदामांसकट आजही तसाच विकायला आहे.