रात्रीच्या गाडीला किल्ला दिसत नाही

जर्मनीत नोकरीला असलेल्या पुतण्याने गाडीच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ पाठवला. ऱ्हाईन नदी, दोन्ही काठांनी रूळ आणि डोंगरमाथ्यावर एकामागून एक किल्ले. खाली लिहिलं होतं, ‘काका, एकदा याच.’ आमच्या पिंपळगाव रेणुकाईत रेल्वे नाही. पण जालन्यापर्यंत एसटी आहे, आणि किल्ले म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहेत? मग मी आणि घरच्यांनी मिळून जालना–मुंबई गाडीच्या खिडकीतून किल्ले बघायचा बेत आखला. त्यातून उमगलेलं थोडं सांगतो.

१. आपली मनमाडची लाईन मुळात नदीच्या नावाची आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास मीटर गेजवर सुरू झालेली ही ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’. गंमत म्हणजे जालना ते मनमाड या टप्प्यात गोदावरी दिसतच नाही, ती दक्षिणेला दूर राहते. आधी मी खट्टू झालो. मग लक्षात आलं, आमच्या शिवारातलं पाणीसुद्धा पूर्णेतून गोदावरीलाच मिळतं. म्हणजे खोरं बघायला निघालेला माणूस खोऱ्यातच जन्मलेला!

२. किल्ल्याचं नाव लावणारी गाडी त्याच किल्ल्यासमोरून अंधारात जाते. देवगिरी एक्स्प्रेस मुंबईकडे जाताना दौलताबाद, म्हणजेच जुनी देवगिरी, रात्री ओलांडते आणि येताना पहाटेच्या आधी. वेळापत्रक ठरवणाऱ्यांना मी मनात नावं ठेवली. पण रात्रीची गाडी मागणारे आपणच ना! रात्री बसलं की लॉजचं भाडं वाचतं, मजुरीचा दिवस बुडत नाही, सकाळी थेट दवाखान्याच्या नाहीतर मंत्रालयाच्या रांगेत. आख्खा मराठवाडा यादवांच्या राजधानीसमोरून घोरत जातो तो हौसेने नव्हे, हिशेबाने. माझं अर्धं आयुष्य त्याच हिशेबात गेलं आणि त्याबद्दल तक्रारही नाही.

३. काम नसताना प्रवास करणं आमच्याकडे संशयास्पद असतं. ‘कुणाकडं चाललात?’ या प्रश्नाला लग्न, मयत, कोर्ट, दर्शन यांपैकी एक उत्तर लागतं. ‘खिडकीतून बघायला’ असं म्हटल्यावर मिरची बाजारातला एक जण माझ्याकडे काळजीने बघत राहिला. पुढच्याला मी सरळ ‘डॉक्टरला दाखवायचंय’ म्हणालो. संध्याकाळपर्यंत चार घरची माणसं तब्येत विचारायला आली. चहा-साखरेचा खर्च तिकिटाएवढा झाला असावा.

४. जाण्यापेक्षा येणं मोलाचं. तपोवन एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून निघते, म्हणून कसारा घाट, नाशिक, मनमाड आणि देवगिरी हे सगळं उजेडात सापडतं. तीच गाडी उलट दिशेने धरली तर घाटापर्यंत रात्र होते. म्हणून जाताना मुकाट झोपून जायचं आणि येताना डोळे उघडे ठेवायचे. वातानुकूलित डब्याच्या पिवळट काचेपेक्षा सेकंड सीटिंगची गजांची खिडकी बरी, हे माझं ठाम मत. किल्ला डावीकडे की उजवीकडे, यावर मात्र मला भेटलेल्या प्रत्येकाने छातीठोक आणि वेगवेगळं उत्तर दिलं.

५. हंगामाचा प्रश्न सुटत नाही. भर पावसात डोंगर हिरवे, पण माथे ढगात. भाद्रपद-आश्विनात हिरवळही असते आणि आभाळही मोकळं. नेमकी तेव्हाच मिरचीची तोडणी. शेतकऱ्याला सवड मिळते चैत्रात, डोंगर बोडके झाल्यावर. आम्ही चैत्रातच गेलो, जरा नाराजीने. पण झाडोरा वाळलेला असला की तटबंदी, कातळातली टाकी, पायवाटेची रेघ असं सगळं उघडं पडतं. मनमाडजवळ एकाच डोंगरधारेवरचे अनकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले, मधली खिंड आणि पलीकडे उभा हडबीच्या शेंडीचा सुळका हे असं स्पष्ट दिसलं की घरच्यांनी डब्यातली भाकरी हातात तशीच धरून ठेवली.

६. किल्ले रुळांजवळ दिसतात हा योगायोग नाही. ऱ्हाईनकाठचे सरदार किल्ल्यांवरून होड्यांकडून जकात घ्यायचे. आपल्या पठारावर नद्यांतून होड्यांचा व्यापार फारसा नव्हता, म्हणून किल्ले वाटांवर आणि खिंडींवर डोळा ठेवून बसले. खानदेशातून दख्खनमध्ये जाणारी वाट अनकाईखालून जायची; रूळ टाकणाऱ्यांनाही सोयीची जागा तीच सापडली. तिथल्या एका स्टेशनाचं नावच ‘अनकाई किल्ला’ आहे. आणि देवगिरी? कडे तासून उभा केलेला तो डोंगर दुपारच्या उन्हात समोर आला तेव्हा माझ्या शेजारचा लासूरचा माणूस म्हणाला, ‘रोजचंच हाय.’ म्हणाला, पण मान वळवून बघितलं त्यानेही.

जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो आमच्याच भागातून, भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणार आहे. रूळ पडायचे तेव्हा पडोत; तिथली एक तरी गाडी दिवसाची ठेवा, एवढी मागणी आमची आत्ताच लिहून घ्या.