डोंगरावरचा निरोप्या

२००१ साली भूजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. हातातल्या छोट्या रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, डोंगर आला की अडतात. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो नि लगेच दुसरीवर पुढे पाठवतो.

अँटेना किती उंच हवी? मी हिशेब केला. २५ मीटर म्हणजे ५ × ५. म्हणून ५ × ४.१२ = सुमारे २१ किलोमीटर. १०० मीटर म्हणजे १० × १०, तर सुमारे ४१. उंची चौपट, अंतर दुप्पट!

पण हे सपाटीवर. आधी नकाशातल्या समोच्च रेषा बघाव्यात. दोन गावांमध्ये दोरा ताणला असे समजा. टेकडी दोऱ्याला लागली, तर तिच्यामागच्या गावाला संकटात निरोप मिळणार नाही.

सांगा पाहू, ८१ मीटरला किती?