क्रूझर घेतेस? आधी तिला उतारावर उभी कर

पोरी, तू पाठवलेला तक्ता बघितला. मीटिऑर 350, अ‍ॅव्हेंजर क्रूझ 220, सुपर मीटिऑर 650 आणि कावासाकीची व्हल्कन एस. सीसी, पॉवर, टॉर्क, मायलेज सगळं झकास मांडलंयस. फक्त त्यात तू कुठे नाहीस. तुझी उंची, तुझा रोजचा रस्ता, मागे कोण बसणार, यातलं काहीच नाही. व्हल्कन आत्ताच खोडून टाक, सात लाखांच्या वरची गाडी आपल्याला बघायला बरी. राहिल्या तीन.

शोरूममध्ये गेलीस की लगेच स्टार्टर दाबू नकोस. गाडी बंदच ठेव, न्यूट्रलमध्ये टाक, बाहेर जिथे थोडा उतार असेल तिथे घेऊन ये आणि सीटवर बसून पायांनी मागे चढाकडे ढकल. गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या हलक्या वाटतात. अ‍ॅव्हेंजर 163 किलोची, मीटिऑर 191, सुपर मीटिऑर 241. चालत्या गाडीचं वजन इंजिन ओढतं, उभ्या गाडीचं तुलाच ओढायचंय, तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधून. सेल्समनला म्हणावं, तू लांब उभा राहा, हात लावू नकोस.

सीटची उंची कागदावर बघून हुरळू नकोस. सुपर मीटिऑरची 740 मिलिमीटर, मीटिऑरची 765. म्हणजे मोठी गाडी तुझ्यासारख्या बुटकीला सोयीची, असं वाटेल. पण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि वाचलेली उंची तिथेच जाते. शिवाय पाय टेकणं वेगळं आणि कललेली गाडी पायावर पेलणं वेगळं. रोजचे बूट घालून जा, उंच टाचेचे नकोत.

सीट खाली आली की बहुतेकदा गाडीचं पोटही खाली येतं. सुपर मीटिऑरचं पोट जमिनीपासून 135 मिलिमीटर, बाकी दोघींचं 170 च्या आसपास. त्यात तिचा व्हीलबेस दीड मीटर. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरला काही मोजमाप असतं का? गावात एखादं पोरगं धडपडलं की दुसऱ्या दिवशी खडी-डांबराचा ढीग तयार. मागे माणूस असेल तर गाडी आणखी दबते आणि खालून खर्रकन आवाज येतो. कोणतीही क्रूझर असो, असला उंचवटा तिरकाच पार करायचा.

आणखी एक. क्रूझरवर पाय पुढे असतात. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण फुटरेस्टवर जोर देऊन जरा उचलून घेतो. इथे ते जमत नाही, दणका सरळ माकडहाडात. म्हणून टेस्ट राइड चांगल्या रस्त्यावर घेऊच नकोस. खोदलेला रस्ता पुण्यात शोधावा लागत नाही. आणि तुझ्या ताईला मागे बसव. साडीतल्या बाईला चढता-उतरता येतं का, अर्ध्या तासाने ती काय म्हणते, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. ताई नाही म्हणाली तर गाडी नाही.

पॉवरचा आकडा मी फारसा बघत नाही, टॉर्क किती फेऱ्यांना मिळतो ते बघतो. मीटिऑरला 27 न्यूटन मीटर 4000 आरपीएमला मिळतो. अ‍ॅव्हेंजरला 17.55, तोही 7000 ला. खंबाटकी घाटात ट्रकमागे अडकलीस, मागे माणूस आणि बॅग असली, की हा फरक डाव्या हाताला कळतो, सारखे गिअर पाडावे लागतात. 650 ला असला प्रश्नच नाही. पण तिचे 47 पीएस पळवणार कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. पुणे-सातारा-कोल्हापूर हायवेवर ऐंशी-नव्वदने जायचं तर 350 पुरते.

ब्रेक मात्र नीट बघ. अ‍ॅव्हेंजरला एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागे ड्रम. मीटिऑरला दोन्हीकडे डिस्क आणि ड्युअल चॅनल. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने यात काटकसर करू नये. अ‍ॅव्हेंजर क्रूझची चाकं तारांची, आत ट्यूब. रात्री पंक्चर झालं तर चाक खोलावं लागतं. मीटिऑरच्या अलॉय चाकांना ट्यूबलेस.

आता पैसे. 350 सीसी ही नुसती इंजिनाची मापं सांगणारी रेघ नाही, खिशाचीही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरच्यांवर थेट 40 टक्के झाला. मीटिऑर 349 सीसीची, म्हणजे अलीकडे, 650 पलीकडे. नव्या गाडीच्या पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचा 2022 मध्ये ठरलेला मूळ दर अलीकडे 7,365 रुपये, पलीकडे 15,117. म्हणून एक्स-शोरूम किमती शेजारी ठेवून काही कळणार नाही, ऑन-रोड कोटेशन लेखी घे. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर कशाचे ते विचार. बहुतेक वेळा विचारल्यावर ती ओळ आपोआप गळते.

माझं मत विचारशील तर मीटिऑर. एकटीच फिरणार असशील आणि पैसे ताणले जात असतील तरच अ‍ॅव्हेंजर. 650 चा हट्ट दर महिन्याला बेंगळुरू गाठणाऱ्याने करावा. कोटेशन मिळालं की फोटो पाठव, आणि मी बघेपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नकोस.