प्राथमिक वर्गात डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवायचे असेल तर

प्राथमिक शाळेतले डिझाइन आणि तंत्रज्ञान म्हणजे संगणकाचा तास नव्हे. गरज ओळखायची, वस्तू कशी असावी ते कागदावर काढायचे, हाताशी असेल त्या साहित्यातून ती बनवायची आणि वापरून पाहून सुधारायची, असा हा विषय आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून तो पाच वर्षांच्या मुलांच्याही अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत ‘नई तालीम’ म्हणून मांडला गेला. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चित्रा नटराजन आणि सहकाऱ्यांनी पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुली हे विषय घेऊन पाठ रचले आणि मराठी व इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर करून पाहिले. ती मुले सहावीच्या आसपासची होती. त्याहून लहान मुलांसाठी अजून बरेच काम व्हायचे आहे.

वाराणसीत या विषयाचे साहित्य शोधत हिंडावे लागत नाही. खोजवां आणि काश्मीरीगंज भागांत लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी बनतात. लेथवर लाकूड गरगर फिरत असते, कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. चौथीच्या मुलांच्या हाती लेथ देता येत नाही. भोवरा मात्र देता येतो. पुठ्ठ्याची चकती आणि एक टोकदार काडी पुरे. काडी अंदाजाने खुपसली की भोवरा थरथरतो आणि कलंडतो. मग चकतीच्या मापाचा कागदी गोल दोनदा घडी घालून उलगडायचा: घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. आता काडीवर चकती वर ठेवावी की खाली सरकवावी? खाली असलेला भोवरा सहसा जास्त वेळ टिकतो, पण हे शिक्षकाने आधीच सांगून टाकले तर तास वाया गेला. मुलाचा भोवरा पडत असताना गप्प राहता येणे हे या कामातले सर्वात अवघड कौशल्य आहे, आणि त्याची परीक्षा कोणतेही मंडळ घेत नाही.

हा विषय शिकवायचा ठरवणाऱ्या मुलामुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न नोकरीचा असतो. सरकारी प्राथमिक शाळेत ‘डिझाइन शिक्षक’ असे पद नाही. केंद्रीय विद्यालयांतला कार्यानुभव शिक्षक, अटल टिंकरिंग लॅब आणि एनसीईआरटीचे ‘कौशल बोध’ हे पाठ्यपुस्तक, यांची सुरुवात सहावीपासून होते. पाचवीपर्यंत हे काम वर्गशिक्षकालाच परिसर अभ्यास, गणित आणि कलेच्या तासांत बसवावे लागते. म्हणजे आधी प्राथमिक शिक्षक व्हायचे.

इथेच घरोघरी एक जुना समज आडवा येतो: बी.एड. झाले की कुठल्याही वर्गाला शिकवता येते. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या भरतीसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले. या वर्गांसाठी दोन वर्षांचे डी.एल.एड. हा रुळलेला मार्ग आहे. महाराष्ट्रात ते बारावीनंतर करता येते, उत्तर प्रदेशात त्यासाठी पदवी लागत आली आहे. वाराणसीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरातल्या मराठी कुटुंबांनी हा फरक प्रवेशाआधीच लक्षात घ्यावा. मुलाला नोकरी काशीत करायची की महाराष्ट्रात, यावर वर्षांचा हिशेब बदलतो. नव्या शैक्षणिक धोरणातला चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक अभ्यासक्रम हा तिसरा पर्याय. मात्र तो प्राथमिक टप्प्यासाठीचाच आहे ना, हे पाहूनच अर्ज भरावा.

पदवी कोणती घ्यावी? हाताने काम करण्याची ओढ असेल तर काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या दृश्यकला संकायात मृत्तिकाकाम आणि वस्त्ररचना यांचे शिक्षण मिळते. चार वर्षांची ती पदवी आणि वर डी.एल.एड. अशी सहा वर्षे होतात. लवकर कमाई हवी असलेल्या घराला ती परवडत नाहीत. तिथे साधी तीन वर्षांची पदवी बरी, आणि कौशल्य सुट्टीत कारागिरांकडे बसून शिकावे. वर्गात उभे राहायचे नसेल, पण मुलांसाठी वस्तू घडवाव्याशा वाटत असतील, तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रातला खेळणी आणि खेळ रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जास्त जवळचा.

वेतनाचे म्हणाल तर केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. खासगी शाळांत तफावत मोठी. तिथे पगाराबरोबर साहित्याचा खर्च शाळा करते की शिक्षक, हेही विचारून घ्यावे.

पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर द्यावा लागतो. तो १५० गुणांचा असून सर्वसाधारण गटाला ९० गुण हवेत. भाषा म्हणून मराठीही निवडता येते. प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य धरले जाते, पण ती फक्त पात्रता आहे. भरतीची परीक्षा वेगळी असते आणि तिची जाहिरात निघण्याची वाट पाहावी लागते.