यादी मोठ्याने वाचा

छात्रांनो, पालकदिनाच्या सकाळी मी गेटजवळच्या मैदानात एक फेरी मारतो. तिथे तुमच्या आईवडिलांच्या गाड्या उभ्या असतात. कोणी २०० किलोमीटरवरून आलेले असते, कोणी रात्रभर गाडी चालवून. मी गाडीचा रंग बघत नाही, टायर बघतो. यंदाही दोन-तीन गाड्यांचे टायर पार गुळगुळीत झालेले दिसले आणि एका गाडीचे पुढचे चाक हवेअभावी बसलेले होते. त्याच गाडीतून संध्याकाळी तुमचे आईबाबा परत जाणार असतात. म्हणून हा धडा तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

मी सैन्यात ईएमई कोरमध्ये वाहन-मेकॅनिक होतो. 'कर्म ही धर्म' हे आमचे ब्रीद. आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले की गाडीच्याही तीन परेड असतात. गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि परत आल्यावर लास्ट परेड. तिन्ही वेळा ड्रायव्हर ठरलेल्या क्रमाने गाडी बघतो. यात मोठी दुरुस्ती नसते. बिघाड लहान असतानाच सापडावा, एवढाच हेतू. घरच्या गाडीला रोज तीन परेड नकोत. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी एकदा, १० मिनिटांची एक परेड पुरते.

महिन्याची परेड

गाडी सपाट जागी, इंजिन थंड. सकाळची वेळ उत्तम.

१. टायर. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक स्टिकर असतो. किती हवा भरायची ते त्यावर लिहिलेले असते. बहुतेक लहान गाड्यांना ३० ते ३५ पीएसआय लागते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. गाडी चालली की टायर तापतो आणि दाब वाढलेला दिसतो, म्हणून मोजणी थंड टायरवर करावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्यानेही टायर बाद. खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदला. टायर कसा झिजला तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त झाली आहे. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट तपासून घ्या. स्टेपनीतली हवा बघायला विसरू नका. गरज पडेल त्याच दिवशी ती रिकामी निघते.

२. इंजिन ऑइल. डिपस्टिक बाहेर काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्या वेळी दिसणारी पातळी खरी नसते. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. ते काळे दिसले म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत तेल लवकर काळे होते. पण ते दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

३. कूलंट. प्लास्टिकच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी हवी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वरही द्रवच राहते. झाकण उघडताच दाब सुटतो आणि त्या पाण्याची वाफ होऊन तोंडावर, हातावर येते. नळाचे पाणी घालत राहिले तर आत गंज आणि क्षार साचतात.

४. ब्रेक ऑइल. पातळी उतरली असेल तर नुसते वरून भरून गप्प बसू नका. एक तर ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. दोन्हींसाठी गाडी उघडून बघावी लागते. हे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलतात.

५. बॅटरी. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशाने साफ करा. वायर काढताना आधी ऋण, नंतर धन. लावताना आधी धन, शेवटी ऋण. गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन बाजूचा नट फिरवताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. ऋण टोक आधी सोडले की हा धोका राहत नाही.

६. दिवे, हॉर्न, वायपर. ब्रेकचे दिवे एकट्याला दिसत नाहीत, कोणालातरी मागे उभे करा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवले की फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळते.

चाक बदलण्याचा क्रम

पंक्चर झाले की गाडी रस्त्याच्या कडेला कठीण, सपाट जागी घ्या. हॅझर्ड दिवे लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावा.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. मग जॅक लावा, तोही गाडीखाली ठरवून दिलेल्या जागीच. जॅकवरच्या गाडीखाली डोके, हात, पाय काहीही घालू नका. स्टेपनी आडवी करून पत्र्याखाली सरकवून ठेवा, जॅक निसटला तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक आणि हब जिथे टेकतात ती जागा पुसा. नवे चाक चढवा, नट हाताने बसवा, मग पान्याने समोरासमोरचे असे हलके आवळा. गाडी खाली घ्या. आता चाक जमिनीवर असताना नट पुन्हा त्याच क्रमाने पूर्ण आवळा. पान्यावर उभे राहू नका, हाताचा जोर पुरतो. ५० किलोमीटरनंतर थांबून एकदा पुन्हा आवळून बघा.

आंबोलीच्या अलीकडे

हा क्रम मी शेकडो जवानांना शिकवला आहे. आता माझी चूक सांगतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. जुलै महिन्यात आम्ही बेळगावहून सावंतवाडीला, माझ्या सासुरवाडीला निघालो होतो. आंबोलीच्या १०-१२ किलोमीटर अलीकडे पुढचे डावे चाक पंक्चर झाले. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पत्नी आणि मुलगी छत्री धरून झाडाखाली उभ्या. मी म्हटले, पाच मिनिटांत चाक बदलतो. खरोखरच पाच-सहा मिनिटांत बदलले. चाक हवेत असतानाच नट आवळले, जॅक उतरवला, पाना डिकीत टाकला आणि निघालो.

थोड्या वेळाने स्टीअरिंग थरथरायला लागले. पत्नी म्हणाली, "अहो, कसला आवाज येतोय?" मी म्हटले, "रस्ता खराब आहे गं." ती पुन्हा म्हणाली. मी गाडीचा मेकॅनिक, आवाज मला कळणार नाही का, असे मनात आले. आंबोली गाव आले. पुढे घाटाचा उतार सुरू होणार, एवढ्यात ती म्हणाली, "घाट उतरायच्या आधी एकदा खाली उतरून बघा. माझ्यासाठी."

मी चिडूनच उतरलो. चार नटांपैकी एक नव्हताच. दोन बोटाने फिरत होते. एकाच नटावर चाक होते आणि मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी झोपली होती.

कारण सोपे आहे. चाक हवेत असताना पान्याच्या जोराने तेच फिरते, नट पुरता आवळला जात नाही. शिवाय हबवर चिखल होता. गाडीचे वजन आल्यावर चाक हबवर नीट टेकले आणि नट सैल पडले. हे मला पाठ होते. पण पाऊस होता, घाई होती, आणि विचारणारे कोणी नव्हते. युनिटमध्ये मी चाक आवळल्यावर दुसरा जवान पाना लावून बघायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आंबोलीत त्या जवानाची फार आठवण आली. मी उरलेल्या तीन चाकांपैकी एकाचा एक नट काढून त्या चाकाला लावला, सगळे नीट आवळले आणि २०च्या वेगाने घाट उतरलो.

त्या दिवसापासून माझ्या डिकीत प्लास्टिकमध्ये घातलेली एक यादी असते. चाक बदलताना पत्नी ती मोठ्याने वाचते आणि मी "झाले" म्हणतो. नवख्याला क्रम माहीत नसतो म्हणून यादी लागते, जाणत्याला घाईत क्रम सुटतो म्हणून लागते.

हात कुठे लावू नये

ब्रेक उघडणे, एअरबॅगच्या वायरी, गॅस किटची जोडणी, हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल या गोष्टी घरी करायच्या नाहीत. तिथे आपले काम फक्त बघणे आणि वेळेवर सांगणे.

सुट्टीतला गृहपाठ

गाडी चालवायला १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. गाडी तपासायला वयाची अट नाही. या सुट्टीत घरी गेलात की महिन्याच्या परेडचे सहा मुद्दे आणि चाक बदलण्याचा क्रम स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहा. रविवारी सकाळी बाबांना किंवा आईला गाडीजवळ बोलवा. तुम्ही एकेक ओळ मोठ्याने वाचा, त्यांनी बघून "झाले" म्हणावे. "झाले" ऐकू आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. ते हसतील, "आम्हाला माहीत आहे" म्हणतील. मलाही माहीत होते.

पालकांनो, मुलगा किंवा मुलगी यादी घेऊन आली तर दहा मिनिटे द्या. आणि मागच्या सीटवरून कोणी "कसला आवाज येतोय" म्हणाले, तर आधी गाडी थांबवा.

पुढच्या पालकदिनाला मी मैदानात फेरी मारणारच आहे. ज्याच्या डिकीत यादी सापडेल, त्याने मला येऊन दाखवावी.